रोग अंगांत कसा मुरतो?

(अमळनेर येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें झालेलें व्याख्यान)



आपल्या घरांत कोणी आजारी पडलें म्हणजे पहिला प्रश्न निघतो तो "हें कोणी केलें?" असा. कोणी म्हणतो देवीचा कोप झाला, कोणी म्हणतो भाऊबंदांनीं करणी केली, आणि कांहींच सुचलें नाहीं म्हणजे मागल्या जन्मींचें पाप आहेच. या तिन्ही उत्तरांना पैसा लागतो. कोंबडें लागतें, नारळ लागतो, मांत्रिकाची दक्षिणा लागते. रोग मात्र जेथें होता तेथेंच राहतो. त्याचा पत्ता लागावयाचा तर "हें कसें झालें?" असें विचारावें लागतें. रोग कोठून आंत शिरला, अंगांत कोठें बसला, किती दिवस मुरला आणि शेवटीं माणूस कशानें खचला, हे चार प्रश्न क्रमानें विचारणारी एक विद्या आहे. तिला विकृतिशास्त्र म्हणतात. डॉक्टर लोक तिला पॅथॉलॉजी म्हणतात. रक्त-लघवी तपासतात तेथील पाटीवर हा शब्द तुम्हीं पाहिला असेल. त्या विद्येविषयीं आज चार शब्द सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ही विद्या तुम्हांस परकी नाहीं. कपाशीचें झाड अकस्मात् सुकूं लागलें तर तुम्ही काय करतां? झाड उपटतां, मूळ पाहतां, खोड उभें चिरतां. आंत काळपट रेघ दिसली तर मर रोग म्हणतां. मुळी कुजलेली असली तर पाणी तुंबलें म्हणतां. नुसत्या पानावरून निदान होत नाहीं, आंत पाहावें लागतें, हें शेतकऱ्यास कोणी शाळेंत शिकविलेलें नाहीं. सुतार लाकूड ठोकून आंतली पोकळी ओळखतो. कुंभार मडकें वाजवून चीर ओळखतो. मग कपाशीच्या झाडास जो न्याय, तो आपल्या देहास कां नसावा?

माणसाच्या देहास हा न्याय लावण्यास जगाला फार काळ लागला. इटलींत पादुआ येथें मोर्गान्यी नांवाचे अध्यापक होते. त्यांनीं शेंकडों मृत देह उघडून पाहिले, आणि जिवंतपणीं जें दुखणें होतें तें मेल्यावर कोणत्या अवयवांत सांपडलें याचा ताळा घातला. त्यांचा ग्रंथ १७६१ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें १८५८ सालीं बर्लिनच्या रूडॉल्फ फिर्खो यांनीं सांगितलें कीं, घर जसें विटांचें तसा देह बारीक बारीक पेशींचा, आणि रोगाचा आरंभ या पेशींत होतो. आपल्या देशांत १८३६ सालीं कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजांत मधुसूदन गुप्त यांनीं मृत देह चिरून पाहिला, तेव्हां तें मोठें धाडस समजलें गेलें. कारण प्रेतास हात लावणें म्हणजे विटाळ. मंडळी हो, यावर थोडा विचार करा. मेलेलें ढोर ओढणारे व कातडें सोलणारे हात आपल्या समाजानें अपवित्र ठरविले. आणि ज्या विद्येनें लाखों जीव वांचविले, ती मेलेल्या देहास हात लावल्यावांचून मिळालीच नसती. विटाळानें माणसें दूर राहिलीं, तसें ज्ञानही दूर राहिलें.

आतां उदाहरणें घेऊं. पहिला रोग झटपट मारणारा.

१८९६ सालीं मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. तेथून तो सर्व इलाख्यांत पसरला. पुण्याजवळ डॉ. यशवंतराव फुले यांच्या दवाखान्यांत त्यांच्या मातोश्री सावित्रीबाई प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. त्यांतच त्यांस प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजीं त्या वारल्या. त्या वेळीं प्लेगचा जंतु ठाऊक होता. १८९४ सालीं हाँगकाँग येथें येर्सिन यांनीं तो शोधून काढला होता. पण तो माणसाच्या अंगांत शिरतो कोणत्या वाटेनें, हें कोणास ठाऊक नव्हतें. म्हणून सरकारनें घरें धुतलीं, सामान जाळलें, गोऱ्या शिपायांकडून झडत्या घेवविल्या. लोक चिडले, आणि उंदीर सुखरूप राहिले.

१८९८ सालीं सिमाँ नांवाच्या फ्रेंच डॉक्टरांनीं दाखविलें कीं, हा रोग मूळचा उंदराचा. उंदीर मेला कीं त्याच्या अंगावरची पिसू उपाशी पडते आणि माणसास चावते. त्यांचें म्हणणें कित्येक वर्षें कोणी मानलें नाहीं. पुढें १९०५ सालापासून मुंबईस शास्त्रज्ञांच्या मंडळानें प्रयोग करून तेंच खरें ठरविलें. मग गांठीचा उलगडा झाला. पिसू बहुधा पायास चावते. पायांतून जंतु बारीक नळ्यांच्या वाटेनें वर चढतो. वाटेंत जांघेंत कांहीं ग्रंथि आहेत. त्या गांवच्या वेशीवरील चौकीसारख्या. तेथें जंतूची आणि देहाची झुंज होते, म्हणून जांघ सुजते, गांठ येते. चौकी पडली म्हणजे जंतु रक्तांत शिरतो, रक्तांतून फुफ्फुसांत उतरतो, आणि मग रोग्याच्या खोकल्यावाटें दुसऱ्यास लागतो. ज्या गांठीस लोक देवीच्या कोपाची खूण समजले, ती आपल्याच देहानें लढविलेली चौकी होती! वाट सांपडल्यावर उपायही सांपडला: उंदीर मरूं लागले कीं सावध होणें, पिसवा मारणें, आणि आतां रोग लवकर ओळखला तर बरें करणारीं औषधें. तरी १९९४ सालीं सुरतेस प्लेग आल्याचें कळतांच लाखों लोक शहर सोडून पळाले. सुरतेची रेल्वे आपल्या अमळनेरावरून भुसावळास जाते, आणि पोटासाठीं सुरतेस गेलेलीं खानदेशचीं घरें थोडीं नाहींत. रोगाची वाट तोपर्यंत नव्वद वर्षें ठाऊक होती, औषध ठाऊक होतें. पण तें ज्ञान पुस्तकांत होतें, घरांत आलें नव्हतें.

दुसरा रोग सावकाश मारणारा. त्याविषयीं आम्ही अधिक बोलणार आहों, कारण तो या मंडपांत कित्येकांच्या खिशांत, चंचींत आणि कमरेच्या पिशवींत आज बसलेला आहे. तो म्हणजे तंबाखूनें होणारा तोंडाचा कॅन्सर.

हा रोग आपल्याकडे ज्यांनीं नीट अभ्यासिला त्यांचें नांव डॉ. वसंत रामजी खानोलकर. जन्म १८९५ चा. गोमंतक मराठा समाजांतलें घराणें. लंडनला विकृतिशास्त्राची उच्च पदवी घेऊन ते मुंबईस आले, वैद्यकीय कॉलेजांत अध्यापक झाले, आणि १९४१ सालीं परळ येथें टाटा मेमोरिअल रुग्णालय उघडल्यावर तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. भारतांतील विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांस मानतात. १९४४ सालीं त्यांनीं मुंबईंतील तोंडाच्या कॅन्सरच्या ओळीनें एक हजार रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला. रोगी काय खातो, काय ओढतो, विडा कोठें धरतो, आणि रोग तोंडांत नेमका कोठें आहे, हें त्यांनीं जुळवून पाहिलें. १९४५ सालीं त्यांनीं व डॉ. सूर्याबाई यांनीं आणखी एक गोष्ट लिहिली: धोतर किंवा लुगडें कमरेस वर्षानुवर्षें एकाच जागीं घट्ट आवळल्यानें तेथील कातडी काळवंडते, जाड होते, चिरते, आणि क्वचित् तेथें कॅन्सर होतो. एकाच जागेवर रोजचा जाच, आणि वर्षांमागून वर्षें! यावरून रोगाची चाल ध्यानांत येईल.

आतां तोंडांत काय होतें तें पाहा. तंबाखू व चुना चोळून गालफडांत किंवा ओठामागें धरला. चुन्यानें तेथील नाजूक कातडी भाजते, आणि तंबाखूंतील विषें त्या भाजलेल्या जागेंतून आंत शिरतात. आपल्या गालाची आंतली कातडी म्हणजे पेशींचे थरावर थर. खालच्या थरांत नव्या पेशी जन्मतात, वर सरकतात, झडतात. या थरांच्या तळाशीं एक अति पातळ पडदा असतो. त्याला आपण शेताचा बांध म्हणूं. बांधाच्या वर पेशींचें शेत, बांधाखालीं रक्ताच्या व लसीच्या नळ्या. तंबाखूच्या विषानें पेशीच्या बियाणांतच बिघाड होतो. एका पेशींत बिघाड झाला तर देह ती दुरुस्त करतो किंवा मारून टाकतो. पण रोज दहा वेळां विष, वर्षाचे तीनशें पांसष्ट दिवस, आणि तें दहावीस वर्षें! मग एखादी पेशी अशी निघते कीं ती कोणाचें ऐकत नाहीं. ती वाढत सुटते. त्या जागीं प्रथम पांढरा चट्टा दिसतो, कधीं लाल दिसतो. दुखत नाहीं. दुखत नाहीं हाच त्याचा घात. पुढें या बिघडलेल्या पेशी बांध फोडून खालीं उतरतात. ज्या दिवशीं बांध फुटला त्या दिवसापासून त्याला कॅन्सर म्हणतात. मग त्या पेशी नळ्यांवाटें मानेच्या गांठींत जातात, हाडांत शिरतात, जेवण बंद पडतें.

बांध फुटला कीं नाहीं, हें कळतें कसें? डॉक्टर चट्ट्याचा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा काढतात. तो मेणांत घट्ट बसवून त्याचे काप काढतात. एक काप केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही पातळ. मग तो रंगवितात. रंगारी बंधूंस ऐकून नवल वाटेल कीं, यांतला निळा-जांभळा रंग अमेरिकेंतील एका झाडाच्या लाकडापासून निघतो, आणि त्याच लाकडाच्या रंगानें पूर्वीं कापडही रंगवीत असत. रंग चढला म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालीं बांध स्वच्छ दिसतो. "तुकडा काढला, चाकू लागला, म्हणून रोग पसरला," असें आपल्याकडे म्हणतात. तें खरें नव्हे. रोग पसरतो तो तुकडा न काढतां घरीं बसून राहिल्यानें.

सुपारीची गोष्ट निराळी. सुपारीनें गालाची कातडी आंतून चिवट व ताठ होते, पांढुरके पट्टे पडतात, तिखट सोसत नाहीं, आणि तोंड उघडेनासें होतें. निरोगी माणसाच्या तोंडांत आपलीं तीन बोटें उभीं मावतात. दोनच मावूं लागलीं तर समजावें कीं आंत कांहीं चाललें आहे. गुटख्यांत तंबाखू आणि सुपारी दोन्ही असतात. महाराष्ट्रांत २०१२ सालीं गुटख्यावर बंदी आली. पण चोरून मिळणारी पुडी पोरांच्या हातीं पडते, आणि विशीबाविशींतलीं मुलें भाकरीचा घांस घेण्यास अडूं लागतात. बहिणींनो, मशेरी दांतांसाठीं लावतों म्हणून ती औषध होत नाहीं. तीही तंबाखूच.

आपल्या बापजाद्यांस सावकाराची वही ठाऊक होती. पहिल्या वर्षीं पांच रुपये घेतले, अंगठा दिला, कांहीं वाटलें नाहीं. व्याजावर व्याज चढत गेलें, आणि जप्तीचा शिपाई दारांत आला तेव्हां कर्ज कळलें. तोंडाचा रोग तशीच वही आहे. फरक एवढाच कीं, ही वही आपल्याला उघडून वाचतां येते. पांढरा चट्टा म्हणजे पहिली नोटीस. नोटीस आल्यावर तंबाखू सोडली तर कित्येकांचा चट्टा मावळतो. सर्वच चट्ट्यांचा कॅन्सर होत नाहीं. पण कोणत्या चट्ट्याचा धोका अधिक आहे तें दारच्या मांत्रिकास कळत नाहीं, सूक्ष्मदर्शकानें त्याचा अंदाज येतो.

तिसरा रोग जन्मानें येणारा, आणि तो आमच्या खानदेशास फार जवळचा. उत्तरेस सातपुडा आहे. तेथील भिल्ल, पावरा वगैरे बंधूंच्या वस्तींत, आणि विदर्भाकडे इतर कित्येक जातींतही, सिकलसेल नांवाचा रक्ताचा आजार आहे. सिकल म्हणजे विळा. रक्तांतील तांबडी पेशी वाटोळी व मऊ असते. अरुंद वाटेंतूनही ती वांकून निसटते. या आजारांत ती ताठ होऊन विळ्याच्या आकाराची बनते, बारीक नळ्यांत अडकते, आणि पुढचें रक्त बंद पडतें. मग हातपाय, पाठ, छाती असह्य दुखते, अंगांत रक्त राहत नाहीं, लेंकरूं वारंवार तापानें पडतें. १९४९ सालीं अमेरिकेंत लायनस पाउलिंग व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, बिघाड रक्तांतील तांबड्या द्रव्यांतच आहे. पुढें कळलें कीं, त्या द्रव्याच्या एकशें शेहेचाळीस कड्यांच्या सांखळींत एकच कडी बदललेली असते. एका कडीनें एवढा अनर्थ!

अशा घरीं मूल तळमळूं लागलें म्हणजे कोणी एखाद्या विधवा बाईस डाकीण ठरवितात आणि तिचा छळ मांडतात. मंडळी हो, त्या बाईचा कांहीं संबंध नाहीं. मुलास बिघाडाचा एक वांटा आईकडून व एक बापाकडून आला म्हणजे तो आजारी होतो. एकच वांटा आला तर तो स्वतः धडधाकट राहतो, पण पुढें देऊं शकतो. दोघेही असे एक-वांट्याचे असतील तर प्रत्येक खेपेस चारांत एक एवढा धोका असतो. आणि हें मागल्या जन्मींचें पापही नव्हे. ज्यांच्या रक्तांत असा एक वांटा आहे त्यांना जीवघेण्या हिवतापापासून पुष्कळ संरक्षण मिळतें. हिवतापाच्या मुलखांत त्यांचे पूर्वज जगले, म्हणून हा वांटा पिढ्यांमागून पिढ्या उतरला. ज्यास लोक शाप म्हणतात ती पूर्वजांच्या झुंजीची खूण आहे. लग्नापूर्वीं दोन्हीकडचें रक्त तपासलें तर पुढचें संकट आधींच कळतें. २०२३ सालापासून सरकारनें या आजारासाठीं देशभर तपासणीची मोहीम चालविली आहे. दुखणें कमी करणारें औषधही आहे.

तीन रोग झाले. एक बाहेरून आला, एक आपण हातानें घातला, एक रक्तांतून उतरला. तिघांच्या वाटा निराळ्या, पण तिघांसही वाट आहे. ज्याला वाट आहे त्याला अडवितां येतें, निदान त्याचा जोर तरी मोडतां येतो.

येथें एक शंका कोणी घेईल: "सर्व दोष आमच्यावरच घालतां कीं काय?" नाहीं. ज्या फिर्खो यांचें नांव आम्हीं घेतलें, त्यांना १८४८ सालीं सरकारनें वरच्या सायलेशिया प्रांतांत तापाची सांथ पाहण्यास धाडलें. तेथें अन्नावांचून खंगलेलीं गरीब माणसें त्यांस दिसलीं. त्यांनीं अहवालांत औषधांची यादी देऊन काम संपविलें नाहीं; लोकांस शिक्षण द्या, त्यांचा कारभार त्यांच्या हातीं द्या, पोटभर अन्न मिळूं द्या, असें स्पष्ट लिहिलें. पेशींचा बिघाड सूक्ष्मदर्शकाखालीं पाहणारा हाच माणूस गरिबीचा बिघाडही पाहत होता. आपल्याकडे रोगी उशिरां येतो तो मूर्ख म्हणून नव्हे. एक दिवस तालुक्याला गेला तर त्या दिवसाची मजुरी बुडते, पेरणी राहते, बैल विकावा लागेल याची धास्ती असते. म्हणून ज्ञानाबरोबर सोयही पाहिजे, आणि जी सोय आहे ती हक्कानें मागितली पाहिजे. धुळें व जळगांव येथें सरकारी वैद्यकीय महाविद्यालयें आहेत. महात्मा जोतीराव फुले यांच्या नांवाची जन आरोग्य योजना आहे. तिच्यांत कॅन्सरचे उपचारही बसतात. ज्या महात्म्यानें विद्येवांचून झालेल्या अनर्थाचा हिशेब मांडला, त्याच्या नांवाची योजना विद्येवांचूनच पडून राहूं नये.

आतां घरीं जाऊन करावयाच्या गोष्टी. महिन्यांतून एकदां उजेडांत आरसा घेऊन चूळ भरून तोंड पाहावें. गाल, ओठाची आंतली बाजू, जिभेची कड व जिभेखालीं. बाईनें नवऱ्याचें व नवऱ्यानें बाईचें पाहावें, लाजूं नये. पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारा फोड, मानेंत न दुखणारी गांठ, यांपैकीं कांहीं दिसलें तर त्याच आठवड्यांत डॉक्टर गांठावा. तुकडा काढूं द्यावा. तपासणीचा कागद मागून घ्यावा आणि सातबारा जपतां तसा जपावा. घरांत किंवा गोदामांत उंदीर पटापट मेलेले दिसले तर हातानें उचलूं नयेत, आरोग्य केंद्रास कळवावें. सोयरीक जुळवितांना कुंडली पाहण्याऐवजीं रक्त पाहावें. आणि पोराच्या हातीं पुडी दिसली तर मारण्यापूर्वीं आपली चंची चुलींत टाकावी. बापाच्या खिशांतली तंबाखू पोरास कोणत्याही शिकवणीपेक्षां अधिक शिकविते.

शेतांत कीड दिसली तर तुम्ही पंचांग पाहत नाहीं, पान उलटून पाहतां. तेवढीच बुद्धि आपल्या देहाविषयीं चालवा. पान उलटून पाहा, आणि वेळेवर पाहा. इतकेंच सांगून आम्ही आपली रजा घेतों.